'तांबडा राक्षसी तारा': यातलं काय ठेवायचं, काय काढायचं?

गच्चीवरची बाई

मंडळी, एक शब्द अडला आहे. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. डिसेंबरात एका संध्याकाळी पोरांना शाळेच्या गच्चीवर नेलं होतं. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका, त्याच्या खाली रोहिणी. हातात एकच बायनॉक्युलर, सगळे रांगेत. मी सांगितलं, "हा बघा तांबडा राक्षसी तारा. हा म्हातारा झालाय." पहिल्या मुलीने डोळे लावले आणि म्हणाली, "बाई, हा तर झेंडूसारखा आहे. तांबडा कुठंय?" तिच्या मागचा म्हणाला, "आणि राक्षस कशाला? त्याने काय केलं?"

दोन्हींचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं.

विज्ञान दिनाला भित्तिपत्रक करायचं आहे, ताऱ्याच्या म्हातारपणावर. माझी टिपणं 'तांबडा राक्षसी तारा' म्हणतात. सहकारी सर म्हणतात 'लाल महाकाय' लिहा. पोरं मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघतात, त्यात 'लाल दानव' असतो. पुढच्या टप्प्याला कुठे 'श्वेत बटू' तर कुठे 'श्वेत खुजा'. आणि 'ग्रहीय अभ्रिका' (अभ्रिका म्हणजे आकाशातला धूसर ढग) म्हटल्यावर पोरं हमखास विचारतात, कुठल्या ग्रहाची? तुम्ही काय वापरता, आणि का?

भट्टीवाला

बाई, खगोलाचं मला फारसं कळत नाही, पण रंगाचं कळतं. कोल्हापुरात फाउंड्रीत उभा जन्म गेला. लोखंड तापत जातं तसं आधी मंद तांबडं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढऱ्याकडे झुकतं. ओतताना साधारण १,४०० अंश सेल्सिअस असतं आणि डोळे दिपतात. कोणी त्याला तांबडं म्हणत नाही.

तुमच्या रोहिणीचा पृष्ठभाग ३,९०० केल्विनच्या आसपास. सेल्सिअसमध्ये धरा ३,६००. तिथे लोखंड वितळणं सोडाच, उकळून त्याची वाफ होईल. जुन्या पिवळ्या बल्बची तार २,७००-२,८०० केल्विनला असते. म्हणजे ज्या बल्बला आपण पिवळा म्हणतो, त्याच्याहून तुमचा 'तांबडा' तारा हजारभर अंशांनी गरम आणि रंगाने जास्त पांढरा. तुमच्या विद्यार्थिनीचं बरोबर आहे. झेंडूच.

मग तो तांबूस का वाटतो? शेजारी पाहा ना. व्याध, राजन्य हे निळसर पांढरे. त्यांच्या पंगतीत हा वेगळा पडतो. आमच्याकडे 'तांबडा बैल' म्हणतात तो काय कुंकवासारखा असतो? पांढऱ्या बैलाशेजारी बांधला की तांबडा.

संस्कृतवाली

काका, तुम्ही बैलावर थांबलात, मी गाईवर येते. 'रोहिणी' या शब्दाचा एक अर्थच मुळी तांबडी गाय. 'रोहित' म्हणजे तांबूस, त्याचं स्त्रीलिंग 'रोहिणी'. ज्यांनी हे नाव दिलं त्यांना ती नुसत्या डोळ्यांनी तशीच दिसली असणार, गाईच्या रंगाची. लगेच 'आपल्या पूर्वजांना ताऱ्यांचं म्हातारपण ठाऊक होतं' असं कोणी लिहू नका. त्यांना रंग दिसला, त्यांनी रंग लिहिला. तेवढंही पुष्कळ आहे.

म्हणून माझं मत स्वच्छ 'तांबडा'कडे. 'लाल' हा फारसीतून आला, मूळ अर्थ माणिक. मराठीत 'लाल' म्हटलं की लालबुंद, लालभडक. 'तांबडा' तांब्यावरून. घासलेल्या तांब्याच्या हंड्यापासून तांबड्या मातीपर्यंत, पहाटे फुटतं त्या तांबड्यापासून गाईच्या कातडीपर्यंत सगळं त्यात बसतं. 'लाल गाय' कोणी म्हणत नाही. आणि पहाटेला 'लाल फुटलं' म्हणून पाहा.

पर्वरीकर

ताई, एक हरकत. गोव्यात आमची तांबडी भाजी असते. ती भातावर घेतली की भात जांभळट गुलाबी होतो. त्यात तांबं कुठे आलं? आणि काकांच्याच कोल्हापूरचा तांबडा रस्सा? तो काय नारिंगी असतो? 'तांबडा' म्हणजे लाल, एवढंच. व्युत्पत्तीवरून रंगाची छटा ठरवायला जाल तर फसाल.

संस्कृतवाली

मान्य. तांबडी भाजी मी विसरले होते. पण माझं म्हणणं उलट पक्कं होतंय बघा. 'तांबडा' हा ऐसपैस शब्द आहे, भाजीपासून बैलापर्यंत. 'लाल' अरुंद आहे. ज्या ताऱ्यांना आपण हे नाव देतोय त्यांच्यात ज्येष्ठा आणि काक्षी बऱ्याच तांबूस, रोहिणी नारिंगी, आणि स्वाती तर जवळजवळ पिवळट नारिंगी. सगळ्यांना एकाच शब्दात बसवायचं तर ऐसपैसच हवा.

गच्चीवरची बाई

'तांबडा' ठेवते. आता राक्षसाचं बोला.

पर्वरीकर

त्याचं पाप इंग्रजीवर नाही, आपल्यावर आहे. तिकडचा 'जायंट' हा शब्द नुसत्या थोराड माणसाचा. १९०५ आणि १९०७ मध्ये हर्ट्‌झस्प्रंग नावाच्या डॅनिश माणसाने दोन लेख लिहिले, तेही छायाचित्रणाच्या शास्त्रावरच्या एका जर्मन नियतकालिकात, त्यामुळे बरीच वर्षं खगोलवाल्यांच्या नजरेतच आले नाहीत. त्याचं म्हणणं साधं होतं. एकाच तांबूस रंगाचे तारे दोन जातींचे आहेत, काही मिणमिणते आणि काही प्रचंड तेजस्वी. रंग तोच म्हणजे तापमान तेच. तापमान तेच असून उजेड शेकडो पट असेल, तर पृष्ठभागच शेकडो पट मोठा हवा. दुसरं काही कारण असूच शकत नाही. अमेरिकेत रसेल नावाचा खगोलशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच जागी पोचला आणि १९१३ मध्ये त्याने ताऱ्यांचा रंग आणि तेज दाखवणारी आपली आकृती मांडली. थोराड आणि ठेंगू ही जोडी तेव्हापासून रूढ. त्यात दुष्टपणाचा लवलेश नाही.

आपण मात्र थेट लंकेत गेलो.

संस्कृतवाली

इतकंही नाही हो. 'राक्षसी' हे विशेषण मराठीत नुसत्या आकारासाठी रोज वापरतो. राक्षसी बहुमत. राक्षसी भूक. त्यात शिंगं-सुळे नसतात. फरक एवढाच की कौतुक करताना आपण 'राक्षसी' म्हणत नाही, 'भरघोस' म्हणतो. राक्षसी बहुमत दुसऱ्या पक्षाला मिळतं.

आणि गंमत म्हणजे भूक या अर्थाने तो शब्द लागूही पडतो. आपला सूर्य अजून पाचेक अब्ज वर्षांनी या अवस्थेला जाईल तेव्हा बुध आणि शुक्र गिळणार. पृथ्वीचं काय होईल यावर अजून एकमत नाही.

भट्टीवाला

माझा आक्षेप वेगळाच आहे. राक्षस म्हटला की तो दणकट वाटतो, आडदांड. हा तारा दणकट नाहीच मुळी. बाई, पोरांकडून हे गणित फळ्यावर करून घ्या. रोहिणीचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट. ४४ गुणिले ४४ गुणिले ४४, म्हणजे आकारमान ८५ हजार पट. आणि वस्तुमान? सूर्याहून थोडंसंच जास्त. आता भागा. सूर्याची सरासरी घनता पाण्याच्या १.४ पट. रोहिणीची निघते ती आपल्या हवेच्याही साठाव्या भागाइतकी. आतला गाभा घट्ट आहे, पण एकूण सरासरी ही.

आमच्या आईचा शब्द सांगतो. शेजारचं पोर गुबगुबीत दिसायला लागलं की ती जवळ जाऊन गालावर बोट दाबायची आणि म्हणायची, "हे बाळसं नव्हे, सूज आहे." तुमच्या ताऱ्याला सूज आली आहे.

गच्चीवरची बाई

काका, हे उद्याच वर्गात वापरणार. बाळसं आणि सूज.

पण सूज का येते हे सांगतानाही शब्दच अडतो. मी म्हणाले, "गाभ्यातला हायड्रोजन जळून संपतो." लगेच हात वर. "बाई, जळायला ऑक्सिजन लागतो ना? तिथे कुठून आला?" पाचवीला मीच शिकवलं होतं त्यांना.

पर्वरीकर

पोरगं हुशार आहे. 'जळणे' इंग्रजीतही असंच सैलपणे वापरतात, पण मोठ्यांनी आपसात वापरलं तर चालतं. पोरांसाठी नको. हायड्रोजन खरोखर जाळला तर पाणी होतं. सूर्यात पाणी होत नाही, हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळून हीलियम होतं. त्याला 'संमीलन' हा शब्द आहे, चांगला आहे. तोही जड वाटला तर सरळ 'हायड्रोजनचं हीलियम होतं' लिहा. क्रियापद 'होणे'. भांडण मिटलं.

सूज अशी येते: गाभ्यात नुसतं हीलियम उरतं, तिथे उष्णता तयार व्हायची थांबते, म्हणून गाभा स्वतःच्या भाराखाली आटायला लागतो. आटताना तापतो. त्या तापाने गाभ्याभोवतीच्या सालीतला हायड्रोजन पूर्वीपेक्षा जोरात कामाला लागतो. बाहेरचा भाग त्या रेट्याने फुगतो, आणि फुगला की पृष्ठभाग थंड पडतो, म्हणून तांबूस. आत आटणं आणि बाहेर फुगणं एकाच वेळी. 'आटणे' हा शब्द मला इथे 'आकुंचन पावणे'पेक्षा शंभर पटींनी आवडतो. दूध आटतं तसं, कमी होतं आणि दाट होतं.

गाभा सुमारे १० कोटी केल्विनला पोचला की हीलियमची तीन केंद्रकं मिळून कार्बन होतो. सूर्याच्या गाभ्यात आज दीड कोटी आहे, त्यावरून अंदाज घ्या. हे तिघांचं जमणं फार अवघड होतं. १९५०च्या दशकात फ्रेड हॉइल म्हणाले की कार्बनच्या केंद्रकाची एक विशिष्ट ऊर्जापातळी असल्याखेरीज हे जमणार नाही, आणि प्रयोगशाळेत ती खरोखर सापडली. हेच हॉइल आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. तुमच्या पोरांच्या पेन्सिलीतलं शिसं, म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. तो अशाच सुजलेल्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालेला.

संस्कृतवाली

शब्दचर्चा आहे तर मोठ्या शब्दाकडेही बघू. बाई, भित्तिपत्रकाचं शीर्षक काय? 'ताऱ्यांची उत्क्रांती'?

गच्चीवरची बाई

हो. का?

संस्कृतवाली

माकडाचा माणूस होणं याला आपण उत्क्रांती म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या जात बदलत जाते, एकटा जीव नाही. इथे एकच तारा जन्मतो, वाढतो, म्हातारा होतो. पोरांचा गोंधळ होणार. 'ताऱ्याचं आयुष्य' म्हणा ना सरळ.

पण एक मजा सांगते आणि माझंच म्हणणं थोडं कापते. 'उत्क्रांति' या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ वर निघून जाणे, म्हणजे प्राण देह सोडून जातो ते जाणं. ब्रह्मसूत्रात तो याच अर्थाने येतो. मरणाऱ्याच्या हातून दान करायच्या गाईला 'उत्क्रांतिधेनु' म्हणतात. तेव्हा ताऱ्याच्या शेवटच्या टप्प्यांना 'उत्क्रांती' म्हणणं नव्या अर्थाने चूक आणि जुन्या अर्थाने अचूक. आणि गाय पुन्हा आलीच. (मी काही दर वेळी गाय शोधत बसत नाही, तीच येते.)

पर्वरीकर

ग्रहीय अभ्रिकेचं राहिलं. इथे मराठीत एक रत्न पडून आहे आणि कोणी उचलत नाही: 'बिंबाभ्रिका'.

विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधला. त्यानंतर आकाश पिंजून काढताना त्याला काही गोल, हिरवट, धूसर चकत्या दिसल्या. दुर्बिणीत तारा कितीही मोठा करा, टिंबच राहतो. ग्रहाला मात्र चकती दिसते, म्हणजे बिंब. त्या चकत्या त्याच्या नव्या ग्रहासारख्या दिसल्या म्हणून त्याने तसं नाव दिलं, आणि जगभर तो गोंधळ चालू राहिला. खरं तर ते तांबड्या ताऱ्याने अंगावरून सोडून दिलेलं बाहेरचं आवरण. ग्रहाशी काडीचा संबंध नाही.

'ग्रहीय अभ्रिका' म्हणणाऱ्याने चूक इमानेइतबारे उतरवली. 'बिंबाभ्रिका' म्हणणाऱ्याने हर्शेलला काय दिसलं ते पाहिलं आणि तेवढंच घेतलं. ग्रह गळला, बिंब राहिलं. उलट उदाहरण हवं तर वृषभ राशीतली खेकड्याची अभ्रिका घ्या. १०५४ साली चिनी लोकांनी जो भडका पाहिला त्याचे ते अवशेष. तिला कोणीतरी 'कर्क अभ्रिका' केलं. आता पोरं तिला कर्क राशीत शोधतात.

गच्चीवरची बाई

बिंबाभ्रिका. पहिल्यांदा ऐकला. घेतला.

भट्टीवाला

आवरण उडून गेल्यावर आत जो गाभा उरतो त्याला बटू म्हणायचं की खुजा?

संस्कृतवाली

'खुजा' मला बोचतो. माणसाच्या उंचीवर मारायचा शब्द आहे तो, आणि वर्गात एखादं ठेंगणं पोर बसलेलं असतं. 'बटू' बरा, पण त्याची दोन चित्रं आहेत. एक मुंजीतला, कोवळा, लंगोटीतला. ते इथे साफ उलटं, कारण हा तारा मुंजीच्या नव्हे, दुसऱ्या टोकाला आहे. दुसरा बटू म्हणजे वामन. दिसायला एवढासा, आणि पाऊल ठेवलं की बळीराजा पाताळात. ते मात्र चपखल. व्याधाचा जोडीदार घ्या. आकाराने पृथ्वीहूनही किंचित लहान, आणि वस्तुमान जवळपास सूर्याएवढं. काका, घनता तुम्ही काढा.

भट्टीवाला

काढली. सरासरी घन सेंटिमीटरला दोन टनांच्या वर. चहाच्या चमच्यात दहा टन. फाउंड्रीतली क्रेन लागेल.

पण मला विचाराल तर तो बटूही नाही आणि खुजाही नाही. तो निखारा आहे. लाकूड संपलं, ज्वाळा गेली, नवं काही पेटत नाही, नुसता आधीचा ताप घेऊन धगधगतोय आणि हळूहळू निवतोय. पांढरा तारा हेच करतो ना?

पर्वरीकर

हेच करतो. काका, हे तुम्ही सहज बोललात, पण मूळ शब्दापेक्षा सरस आहे. इंग्रजीतला 'पांढरा ठेंगू' हा शब्द लॉयटन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये केला तेव्हा हा तारा आतून काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फक्त पांढरा आणि लहान एवढं दिसत होतं. १९३० मध्ये एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर भारतातून इंग्लंडला बोटीने जाताना गणित करत बसला आणि त्यातून निघालं की अशा ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पटीहून जास्त असू शकत नाही. 'चंद्रशेखर मर्यादा' आपण म्हणतो ती हीच. हिंदीत 'सीमा' म्हणतात. 'मर्यादा' जास्त छान. सीमा ओलांडता येते, मर्यादा पाळावी लागते.

निखारा कधीतरी कोळसा होईल, पण विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, आणि एवढ्यात एकही निखारा पुरता विझलेला नाही.

भित्तिपत्रकात मात्र 'श्वेत बटू' ठेवा आणि 'निखारा' समजावताना वापरा. रूढ शब्द अर्ध्यात बदलला की पोरांना पुढे पुस्तकात सापडत नाही. याच कारणासाठी मी 'राक्षसी'ही ठेवीन. 'महाकाय' सुरेख आहे, काया मोठी एवढंच सांगतो, वजनाची हमी देत नाही, वर गणपतीचा आशीर्वाद. पण काक्षी आणि ज्येष्ठा आल्या की अडतं. त्या रोहिणीच्या दहा-पंधरा पट मोठ्या. त्यांना काय म्हणाल, महामहाकाय? राक्षसाचा महाराक्षस सहज होतो.

गच्चीवरची बाई

'काक्षी फुटणार' असं २०१९-२०च्या हिवाळ्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. ती अंधुक झाली होती ना?

पर्वरीकर

झाली होती, चांगलीच. पण तिने स्वतःच सोडलेल्या धुळीचा ढग आड आला होता. फुटेल एक दिवस, तो दिवस लाखभर वर्षांनीही येऊ शकतो. आणि पोरांना हे नक्की सांगा की फुटायला सुरुवातीलाच सूर्याच्या आठेक पट वस्तुमान लागतं. आपला सूर्य फुटणार नाही, सुजेल, साल टाकेल, निखारा होऊन बसेल. फुटण्याला 'अतिदीप्त नवतारा' म्हणतात. त्यात 'नव' बघून पोरं म्हणतील बाळ जन्मलं. तो मरणाचा उजेड. आणि 'तारा तुटला' म्हणजे उल्का, तिचा ताऱ्याशी संबंधच नाही. हे शब्द आता कोणी बदलू शकत नाही. हसायचं आणि पुढे जायचं.

गच्चीवरची बाई

झालं, मजकूर असा ठरवलाय, बघून घ्या:

"ताऱ्याचं आयुष्य. गाभ्यातल्या हायड्रोजनचं हीलियम होऊन संपलं की गाभा आटतो आणि बाहेरचा भाग फुगतो. हा तांबडा राक्षसी तारा. हे बाळसं नव्हे, सूज आहे. उदाहरण: रोहिणी, अंतर ६५ प्रकाशवर्षं, पृष्ठभाग सुमारे ३,९०० अंश केल्विन. रंग: तांबड्या गाईचा. पुढे आवरण सुटतं, ती बिंबाभ्रिका. उरतो तो श्वेत बटू, निखाऱ्यासारखा निवत जाणारा."

झेंडूवाली मुलगी रंगवणार आहे. तिने आधीच विचारलंय, गाय काढू का.

भट्टीवाला

काढू द्या. आणि 'अंश केल्विन'मधला 'अंश' खोडा, केल्विनला अंश लागत नाही.